डिस्क गेली, इमेज राहिली : सीडी राइट करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "भाऊ, हे कोणत्या जमान्यातलं काढलंस?" विषय आहे सीडी आणि डीव्हीडी राइट करणारी सॉफ्टवेअर. त्यातही मुक्त सॉफ्टवेअर. तुमच्या फोनला ड्राइव्ह नाही, नव्या लॅपटॉपलाही नसेल. तरी हा भाग शेवटपर्यंत ऐका, कारण तुमच्या घरच्या कपाटात एखादी डिस्क पडलेली असण्याची शक्यता खूप आहे. त्या डिस्कवर जे आहे, ते दुसरीकडे कुठेच नसेल.

नगरमधला सीडीचा काळ

जिल्ह्याचं सरकारी नाव आता अहिल्यानगर झालंय. पण एसटीत बसलं की अजून तोंडातून "एक नगर द्या" असंच निघतं. तर साधारण २००० ते २०१२ हा आपल्याकडचा सीडीचा काळ. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केलं, आणि तालुक्याच्या गावांत, मोठ्या बाजारगावांत कॉम्प्युटर क्लास निघाले. राहुरी, नेवासा, शेवगाव, अकोले, कुठेही जा, फोटो स्टुडिओत नाहीतर नेट कॅफेत एक सीडी रायटर असायचाच. तिथे 'बर्न' हा शब्द फारसा कोणी वापरायचं नाही. "एक सीडी राइट करून द्या" किंवा "गाणी भरून द्या" एवढंच.

लग्नाची शूटिंग आधी व्हीएचएस कॅसेटवर मिळायची, मग व्हीसीडीवर, मग डीव्हीडीवर. कीर्तनाच्या, भारुडाच्या व्हीसीडी यात्रेत विकायला असायच्या. २००७ च्या आसपास मोझर बेअर या भारतीय कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. कोऱ्या डिस्कही याच कंपनीच्या सगळीकडे दिसायच्या. पुढे २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून लिक्विडेशनला गेली. एका कंपनीच्या आयुष्यात एक अख्खं माध्यम आलं आणि गेलं.

इमेज म्हणजे नक्की काय?

इमेज म्हणजे फोटो नाही बरं का. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसाच्या तसा एका फाइलमध्ये उतरवला की ती झाली डिस्क इमेज. 'डॉट आयएसओ' हे शेपूट आलं आयएसओ ९६६० या १९८८ च्या स्टँडर्डवरून. त्याआधी सीडीवर फाइल कशा मांडायच्या याची प्रत्येक कंपनीची वेगळी तऱ्हा होती. मग कंपन्यांचे लोक अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात बसले आणि एक सामाईक पद्धत ठरवली. तीच पुढे थोडे बदल होऊन स्टँडर्ड झाली.

थोडं गणित करू. सीडीवर एका सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात. ८० मिनिटांची सीडी म्हणजे ३,६०,००० सेक्टर. डेटा सीडीवर एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट बसतात. गुणाकार केला की येतात सुमारे ७३ कोटी ७० लाख बाइट. तीच आपली "७०० एमबी". रायटरवर "५२ एक्स" लिहिलेलं असायचं ना, त्यातला एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट.

विंडोज एक्सपीमध्ये सीडीवर साध्या फाइल टाकता यायच्या, पण आयएसओ इमेज राइट करायची सोय नव्हती. म्हणून कितीतरी लोक आयएसओ फाइलच उचलून सीडीवर टाकायचे आणि मग कॉम्प्युटर त्या सीडीवरून सुरू का होत नाही म्हणून डोकं धरून बसायचे. घराच्या भिंतीवर घराचा नकाशा चिकटवला म्हणून काही घर बांधून होत नाही. विंडोजमध्ये ही सोय आली थेट २००९ मध्ये, विंडोज ७ बरोबर. तोपर्यंत बाहेरचं सॉफ्टवेअर लागायचंच.

बर्लिनचा एक माणूस आणि सीडीरेकॉर्ड

आपल्याकडे त्या सॉफ्टवेअरचं नाव एकच होतं, नीरो. जर्मन कंपनीचं, विकत घ्यायचं सॉफ्टवेअर. पूर्ण नाव 'नीरो बर्निंग रॉम', म्हणजे रोम जळत असताना फिडल वाजवणाऱ्या नीरोवरचा विनोद. आता खरं सांगा, तुमच्या ओळखीत कोणाकडे त्याचं बिल होतं? बहुतेक ठिकाणी क्रॅक केलेली कॉपीच फिरायची आणि तिच्यासोबत व्हायरसही.

त्याच काळात दुसरीकडे वेगळं काम चाललं होतं. बर्लिनचे योर्ग शिलिंग यांनी १९९६ मध्ये 'सीडीरेकॉर्ड' आणलं. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, सगळं कमांड टाइप करून. पण ते जीपीएल लायसन्सखाली होतं. म्हणजे कोणीही वापरावं, आतला कोड वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. अट एकच, पुढच्या माणसालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत.

तेव्हाचे रायटर फार नाजूक होते. लेझर सुरू झाला की डेटा सलग पोचायलाच हवा. कॉम्प्युटर क्षणभर अडखळला की डिस्क बाद, फक्त चहाचा कप ठेवायच्या कामाची. सीडीरेकॉर्ड त्यासाठी मेमरीत डेटाचा साठा करून ठेवायचं, टाकीत आधी पाणी भरून मग नळ सोडावा तसं. २००० मध्ये सॅन्योने ड्राइव्हमध्येच 'बर्न-प्रूफ' ही सोय दिली, आणि हा त्रास बराच कमी झाला. अर्थात लोडशेडिंगवर सॅन्योकडे उपाय नव्हता! आपल्या ग्रामीण भागात बारा-बारा तास लाइट जायची. इन्व्हर्टर नसलेला स्टुडिओवाला आधी घड्याळ बघायचा आणि मगच डिस्क ट्रेमध्ये ठेवायचा.

सीडीरेकॉर्डच्या डोक्यावर इतरांनी सोपे चेहरे बसवले. केडीईवाल्यांचं केथ्रीबी, नोमवाल्यांचं ब्रासेरो, विंडोजसाठी इन्फ्रारेकॉर्डर. बटण दाबायचे तुम्ही, आत घाम गाळायचं ते सीडीरेकॉर्ड किंवा त्याचंच एखादं भावंड.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने सगळा घोळ केलाय. मराठीत तो होत नाही, आपल्याकडे दोन सरळ शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. पंगतीत जेवायला मिळालं ते फुकट. आचाऱ्याने कृती दिली आणि म्हणाला, "घरी करा, बदलून बघा, शेजाऱ्यालाही सांगा," तर ते मुक्त.

'इमेजबर्न' हे २००५ चं विंडोजवरचं सॉफ्टवेअर फुकट होतं आणि कामाला एक नंबर होतं. पण त्याचा कोड बंद होता. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. शेवटच्या आवृत्तीच्या इन्स्टॉलरमधून नको असलेली जाहिरातबाज सॉफ्टवेअरही पुढे केली जायची. कोड कोणाकडे नसल्यामुळे ते सुधारून पुढे नेणं कोणाच्याच हातात नव्हतं.

याउलट सीडीरेकॉर्डचं बघा. २००६ मध्ये शिलिंग यांनी त्यातल्या बऱ्याच भागाचं लायसन्स बदलून सीडीडीएल केलं. डेबियनच्या लोकांचं म्हणणं, हे जीपीएलबरोबर नांदू शकत नाही. शिलिंग यांचं म्हणणं, काहीच अडचण नाही. वाद पेटला. शेवटी डेबियनने आधीचा जीपीएल कोड घेतला आणि 'सीडीआरकिट' नावाने वेगळी चूल मांडली. कोणी बरोबर, कोणी चूक यावर आजही वाद घालता येईल. सीडीआरकिटचं कामही काही वर्षांत थंडावलं. पण वाट बंद पडली नाही. 'लिबबर्न' आणि 'झोरिसो' ही नवी मुक्त सॉफ्टवेअर आली आणि ती आजही चालू आहेत. शिलिंग २०२१ मध्ये गेले, तरी त्यांच्या कोडचं काम दुसऱ्यांनी चालू ठेवलंय. मुक्त असण्याचा फायदा हाच. माणसं भांडतात, थकतात, जातात, पण काम अडून राहत नाही.

'श्री' लिहायला किती जागा लागते?

मूळ आयएसओ ९६६० मध्ये फाइलचं नाव आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं शेपूट, तेही इंग्रजी कॅपिटल, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यातच. मराठीला त्यात जागाच नव्हती. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये 'जोलिएट' ही जोड दिली, त्यात युनिकोड आलं आणि सीडीवर देवनागरीत नाव लिहिता येऊ लागलं. मर्यादा होती ६४ अक्षरांची. पण युनिकोडच्या हिशोबात आपला एक 'श्री' चार खुणांचा : श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे मराठी नावाची ऐसपैस जागा झपाट्याने संपायची. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जोलिएटचा पर्याय होता, फक्त त्यावर टिक करायचं लक्षात ठेवावं लागायचं.

२९ तासांचं डाउनलोड

आता ७०० एमबी म्हणजे दोन-तीन रील्स सेशन. तेव्हा ५६ केबीपीएसचा डायल-अप पूर्ण वेगाने चालला, जो कधीच चालायचा नाही, तरी एक लिनक्स सीडी उतरवायला सलग २९ तास लागले असते. २००५ मध्ये बीएसएनएलचं २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड आलं, तेव्हा ते साडेसहा तासांवर आलं. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असणारे प्लॅन आले. रात्री लावून झोपायचं, सकाळी उठून बघायचं.

म्हणून बहुतेकांकडे लिनक्स आलं ते मासिकांबरोबरच्या सीडीवरून. पीसी क्वेस्टने १९९० च्या दशकातच लिनक्सच्या सीडी वाटल्या. पुढे डिजिट आणि लिनक्स फॉर यू आलं. उबुंटूवाले तर 'शिपइट' योजनेत जगभर पोस्टाने सीडी मोफत पाठवायचे. पत्ता भरला की काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी पाकीट घेऊन दारात! २०११ मध्ये ही योजना बंद झाली. २०१२ च्या शेवटी आलेलं उबुंटू १२.१० सीडीत मावेनासंच झालं. अशा एका सीडीवरून दहा जण कॉपी काढायचे, आणि ते कायदेशीर होतं. नीरोच्या क्रॅकसारखी लपवाछपवी नाही.

आजीची ओवी आणि ८०० एमबीचं कोडं

आता कपाटातल्या डिस्कबद्दल. माझं गाव संगमनेर तालुक्यात. आमच्या घरी आत्याच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी आहेत, २००४ च्या. त्यातल्या एकीवर हळदीच्या वेळी आजी जात्यावरची ओवी म्हणते. जेमतेम दीड मिनिट. आजी आता नाही, आणि तिच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग कुठेच नाही. माझ्यासाठी हा सगळा इतिहास त्या दीड मिनिटापाशी येऊन थांबतो.

ती व्हीसीडी लिनक्सवर कॉपी करायला गेलं की एरर येतो. डिस्क खराब आहे असं वाटतं, पण तसं असेलच असं नाही. व्हीसीडीच्या आत 'डॅट' नावाची फाइल असते, कधीकधी ८०० एमबीची. ७०० एमबीच्या सीडीत ८०० एमबी कसे? तर साध्या डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमधले २७६ बाइट चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवतात. व्हीसीडीत ती राखीव जागाही व्हिडिओला देऊन टाकली, म्हणून एका सेक्टरमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट बसतात. चित्रात एखादा चौकोन फुटला तर चालेल, पण जास्त वेळ मावला पाहिजे, असा तो हिशोब. सेक्टरच वेगळ्या मापाचे असल्यामुळे साधी आयएसओ इमेज इथे चालत नाही. त्यासाठी 'व्हीसीडी इमेजर' हे जीएनयूचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यातला 'व्हीसीडीएक्सरिप' हा प्रोग्राम व्हिडिओ नीट बाहेर काढतो. ओवी बाहेर निघाली ती त्यानेच.

तुम्ही काय करू शकता

राइट केलेली डिस्क कायमची नसते. तिच्यावर रंगाचा एक थर असतो, लेझरने त्यावरच खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि वर्षं यांनी तो थर उतरतो. पत्र्याच्या घरात नगरचा एप्रिल-मे काढलेल्या डिस्कची काय अवस्था असेल, विचार करा. सीडीची चमकणारी बाजू आपण जपतो, पण खरा धोका वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो. तिथे डेटावर फक्त पातळ लॅकर असतं. बॉलपेनने दाबून "चि. सौ. कां." लिहिलं की आतलं फाटलंच समजा. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी बरी.

तर एक करा. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह मित्राकडून मागून आणा. डिस्क मऊ सुती कापडाने पुसा, गोल गोल नाही, मधून कडेला सरळ. घरगुती डीव्हीडी असेल तर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरून इमेज काढा. ते आधी जे सहज मिळतं ते उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतं. एका ड्राइव्हने नाही वाचलं तर तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर पुढचं काम करता येतं. व्हीसीडी असेल तर व्हीसीडी इमेजर. फाइल मिळाली की दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. हे आपल्या घरच्या शूटिंगसाठी सांगतोय, दुकानातल्या सिनेमांसाठी नाही.

गंमत बघा. डिस्क संपली, पण इमेज संपली नाही. आज उबुंटू डाउनलोड केलं तरी आयएसओ फाइलच येते, फक्त ती आता रूफस किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्हवर जाते. सीडी राइट करण्यासाठी लिहिलेलं काम आता उलट्या दिशेने, सीडीतून माणसं बाहेर काढायला उपयोगी पडतंय.

या दिवाळीत घर आवराल तेव्हा जुन्या डिस्कची पिशवी भंगारात देऊ नका. आधी आई-वडिलांना विचारा की कोणत्या डिस्कवर कोण आहे. काही अडलं तर कॉमेंटमध्ये लिहा, डिस्कचा प्रकार आणि एरर नक्की सांगा, मी उत्तर देईन. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!