खिळ्यांचा धातू आणि त्याचे तापमान

गोमंतकातील मुद्रणाचा इतिहास सांगू लागलो म्हणजे आपण १५५६ साली आलेल्या यंत्राचे नाव घेतो आणि थेट क्रिस्तपुराणापाशी जाऊन विसावतो. त्या यंत्रावर छापावयाचे खिळे कोणाला तरी ओतावे लागतात, ही साधी गोष्ट मात्र नजरेआड होते. फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला धाडलेल्या पत्रात देशी लिपीत ग्रंथ छापण्याची आपली जुनी इच्छा मांडली आहे. युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे सहाशे लागतात, ही अडचणही तेच सांगतात. १६१६ साली राचोल येथे क्रिस्तपुराण निघाले ते म्हणूनच, निदान काही अंशी, रोमन लिपीत. भाषा मराठी असूनही बाळबोध वाचणाऱ्याला तो ग्रंथ परकाच राहिला.

डिचोली व पेडणे हे महाल त्या काळी पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हते. ते तिकडे गेले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८२१ साली गोव्यात छापखाना पुन्हा सुरू झाला, पण सुबक नागरी खिळ्यांसाठी मराठीला मुंबईकडेच पाहावे लागले. तेथे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने (१८६९) जे नाव मिळविले, त्याचे श्रेय अक्षरे कोरणाऱ्यास आपण देतो. ओतणाऱ्याचा वाटा कोणी सांगत नाही.

तो वाटा लहान नाही. शिसे, अँटिमनी व कथील यांचा हा मिश्रधातू थंड राहिला तर साचा पुरता भरत नाही. वेलांटीचे टोक बोथट उतरते आणि शिरोरेषा तुटक दिसते. फार तापला तर वर कीट साचते, कथील व अँटिमनी कमी होत जातात आणि खिळा आतून पोकळ निघतो. जुने कारागीर घडी केलेला कागद धातूत बुडवून पाहत : तो तपकिरी व्हावा, पेटू नये.

यंत्रावर ओळी ओतू लागल्यावर हाच प्रश्न विजेच्या हीटरकडे आला. लायनोटाइपचा धातू सुमारे २४० अंश सेल्सिअसला वितळतो, पण भांडे २८५च्या आसपास ठेवावे लागते. ओळ खडबडीत आली की थर्मोस्टॅट फिरविण्याचा मोह होतो, आणि बहुधा तेच चुकते. आधी कीट काढून, धातू ढवळून, तापमापक लावावा. तो बरोबर दाखवीत असेल तर दोष भांड्याच्या मुखाशी शोधावा. त्याला हीटर निराळा असतो. भांडेच थंड असेल तर विजेचा दाब पाहावा : दाब दहा टक्के उतरला की उष्णता एकोणीस टक्के घटते. हे सारे निर्दोष ठरल्यावरच, वीज बंद करून, तारेला हात घालावा.

शाईच्या रुळांची तऱ्हा वेगळी. रबर येण्यापूर्वी ते सरस आणि काकवी यांचे ओतीत. वैशाखात ते मऊ पडत, गोमंतकाच्या पावसात ओल पिऊन फुगत; म्हणून उन्हाळ्यासाठी सरस वाढवून दुसरे रूळ ओतावे लागत.