कोलारच्या सोन्याचा ‘शोध’

रत्नागिरीजवळ मांडवीच्या किनाऱ्यावर परतणारी लाट हलकी वाळू ओढून नेते व इल्मेनाइटादी जड खनिजांची काळी वाळू मागे उरते. गाळ धुऊन सोने निराळे करण्याची कलाही ह्याच नियमावर आधारलेली आहे. ती कला जाणणाऱ्या ग्रामस्थांची नोंद कोलारच्या इतिहासात आढळते. हा प्रदेश एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत असे.

सर्वेक्षणासाठी तेथे गेलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरनने १८०२ मध्ये मारिकुप्पमच्या खाणी पाहिल्या. त्या सुमारे ३० ते ४५ फूट खोल होत्या. आत ठिकठिकाणी उभे असलेले खाणकरी दगडांच्या टोपल्या हातोहात पोचवीत. स्त्रिया ते दगड कुटून व धुऊन सोने काढीत. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. प्रत्येकाचा जीव शेजाऱ्याच्या हाती असे. पुढे अपघातांमुळे १८५९ मध्ये भूमिगत खोदकामास बंदी झाली. वॉरनचा वृत्तांत वाचून आलेल्या मायकेल लॅव्हेलला मात्र १८७५ मध्ये परवाना मिळाला, आणि १८७७ मध्ये तो मेजर-जनरल बेरेसफर्ड व त्यांच्या मित्रांच्या मंडळाकडे गेला.

कोलारच्या सोन्याचा शोध लॅव्हेलच्या नावावर घातला जातो. ‘शोध’ हा शब्द येथे फसवा आहे. मराठीत शोध घेणे निराळे व शोध लावणे निराळे. लॅव्हेलने शोध घेतला, हे निर्विवाद. तो लावणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.