बहार आणि ताण : खानदेशातील लिंबूवर्गीय बागांचा इतिहास

मराठीतील 'बहार' हा शब्द मूळचा फारसी. त्या भाषेत त्याचा पहिला अर्थ वसंत ऋतू असा असून 'बहार-नारंज' या समासात तो नारिंगाच्या फुलाचा वाचक होतो. हे स्वाभाविकच होते. इराणातील शिराज हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हिवाळ्यात नारिंगाची वाढ थांबते आणि थंडी ओसरताच झाडे फुलतात. वसंत एक, म्हणून बहारही एकच. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील मोसंबीचा वा लिंबाचा बागाईतदार मात्र तीन बहार मोजतो : जानेवारी-फेब्रुवारीतील आंबेबहार, जून-जुलैमधील मृगबहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्तबहार. ऋतूचे नाव येथे अनेकवचनी झाले, त्याचे कारण केवळ अर्थविस्तारात सापडणार नाही.

फारूकी सुलतानांच्या (१३८२ ते १६०१) आणि पुढे मोगलांच्या अमदानीत फारसी ही खानदेशच्या दरबाराची भाषा होती. दरबारी भाषेतील या शब्दाला शेतकऱ्याने पंचांगातील दोन नक्षत्रे आणि आंब्याच्या मोहोराचा काळ जोडून तो आपलासा केला. परंतु तीन वसंत त्याला निसर्गाने दिलेले नाहीत. ते त्याने घडविलेले आहेत.

लिंबूवर्गीय झाडास फुलण्यापूर्वी विश्रांती लागते. तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की वाढ थांबते व पुढील फुलोऱ्याची तयारी होते. थंड देशांत ही विश्रांती अनायासे मिळते; तेथील चिंता झाड वाचविण्याची असते. चौदाव्या लुईने व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात नारिंगाच्या कुंड्या हिवाळ्यात आत घेण्यासाठी भव्य वास्तू उभारविली. फ्लोरिडातील बागा १८९४-९५ च्या हिवाळ्यात गोठल्यानंतर स्विंगल व वेबर या संशोधकांनी गोड नारिंगाचा चीनमधील काटक त्रिपर्णी नारिंगाशी संकर करून थंडी सोसणाऱ्या जाती मिळविण्याचा उद्योग केला. त्यांची फळे आंबट-कडवट निघाली. तथापि अशा काही जाती पुढे कलमाचे खुंट म्हणून उपयोगी ठरल्या.

खानदेशाचा प्रश्न याच्या उलट आहे. येथे पौषातील काही रात्री पारा दहा अंशांखाली जातो, परंतु दिवस उबदार राहतात. शिवाय येथील कागदी लिंबू हे थंडी सर्वांत कमी सोसणाऱ्या लिंबूवर्गीय फळांपैकी एक. तेव्हा विश्रांतीसाठी हिवाळ्याची वाट पाहून भागत नाही. पाणी तोडून तो निर्माण करावा लागतो. यालाच 'ताण देणे' म्हणतात. आंबेबहारासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी बंद केले जाते. पानांचा तजेला जातो, ती फिकी पडतात, काही गळतात. मग चाळणी करून व खत घालून आंबवणीचे हलके पाणी द्यावयाचे आणि त्यामागून चिंबवणीचे. या बहाराला थोडीफार थंडीही साह्य करते. मृगबहाराचा ताण उन्हाळ्यात बसतो. हस्तबहाराचा सर्वांत अवघड, कारण तो पावसाळ्यातच द्यावयाचा; पण त्याचे लिंबू ऐन उन्हाळ्यात बाजारात येते आणि भाव मिळवते.

ताण जमिनीवरही अवलंबून असतो. हलक्या जमिनीत तो महिनाभरात बसतो. भारी जमिनीत दोन महिनेही पुरत नाहीत, कारण मुळांना खाली ओल सापडतच राहते. तापीकाठच्या खोल काळ्या मातीत केळी व कापूस स्थिरावले यात या झाडाच्या दृष्टीने आश्चर्य नाही.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारे घालून चालविलेली फड पद्धत शतकांची जुनी आहे. फडात एकच पीक, पाटकऱ्याच्या हातून ठरलेली पाळी, आणि पाण्यावर सर्वांचा सामाईक हक्क. पिकांच्या वाटणीच्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य होती. पण शेजाऱ्याचे पीक भिजत असताना आपली बाग कोरडी ठेवण्याला आणि आपल्याला हव्या त्या दिवशी ताण मोडण्याला तीत फारसा वाव नव्हता. यावरून असे अनुमान निघते की लिंबूवर्गीय बाग ही खानदेशात पाटाची नव्हे, तर स्वतंत्र विहिरीची संतती आहे. मोट, तेलाचे इंजिन, विजेचा पंप आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जळगावातून पसरलेले ठिबक सिंचन हे तिच्या इतिहासाचे टप्पे मानले पाहिजेत.

विहिरीबरोबर विहिरीची अनिश्चितताही आली. आंबेबहार धरला तर एप्रिल-मेच्या उन्हात फळ झाडावर असते. त्या वेळी विहीर आटली, तर नुकत्याच ताणातून उठलेल्या झाडावर दुसरी तहान येते, जी मोडणे धन्याच्या हाती नसते. आधी फळे गळतात, मग फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. म्हणून पाण्याची खात्री नसलेला शेतकरी आंबेबहार सोडून मृगाकडे वळतो. हा निर्णय नोव्हेंबरात, विहीर अजून भरलेली दिसत असतानाच घ्यावा लागतो.