आजन्म बंध : गोव्याच्या विवाहकायद्यातील एका शब्दाचा इतिहास

विवाह हा संस्कार की करार, हा वाद हिंदू कायद्याच्या सुधारणेच्या वेळी आपल्याकडे पुष्कळ रंगला. १९४७ साली मुंबई प्रांताने आणि १९५५ साली संसदेने हिंदूंना घटस्फोटाची वाट मोकळी केली, तेव्हा कोणाला धर्म बुडाल्यासारखे वाटले, तर कोणाला स्त्री सुटल्यासारखे. पण आपल्या शेजारी, गोव्यात, याच प्रश्नाचा एक निराळा इतिहास घडून गेला होता. तेथील कॅथलिक विवाह कायद्याने आधी अभेद्य होता, मग भेद्य झाला आणि पुन्हा अभेद्य झाला. धर्ममत मात्र या साऱ्या काळात तसूभरही हलले नाही.

हे धर्ममत आधी नीट समजून घेतले पाहिजे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने विवाहाची तीन श्रेये सांगितली : संतती, निष्ठा आणि न तुटणारा पवित्र बंध. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निर्णयांतून त्याला कायद्याचे रूप आले. वधूवरांच्या संमतीने विवाह होतो. सहवासाने तो पूर्ण झाला, की बाप्तिस्मा घेतलेल्या त्या दोघांचा बंध मृत्यूवाचून दुसरे कोणीही सोडवू शकत नाही. संमती आईबापांची नव्हे, धर्मगुरूचीही नव्हे, त्या दोघांची. बंध आजन्म टिकतो, कारण तो स्वतंत्र बुद्धीने दिलेल्या शब्दाचा बंध आहे.

आपल्या जुन्या कल्पनेशी याची तुलना करण्याजोगी आहे. उच्चवर्णीयांत विवाहाचा बंध मृत्यूनेही सुटत नसे, पण तो केवळ स्त्रीपुरता. विधवेला पुन्हा बोहल्यावर चढण्यास १८५६ चा कायदा यावा लागला. पुरुषाला मात्र पहिली पत्नी हयात असतानाही दुसरी करता येई. इतर अनेक जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते, ही गोष्ट निराळी. कॅथलिक विवाहाचे बंधन मृत्यूपर्यंतच, पण दोघांवर सारखे. विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती आणि पतीला सवत आणण्याची मुळीच नव्हती.

परंतु शब्द दिला, याला पुरावा काय? मध्ययुगात दोघांनी एकांतात वचन दिले, तरी विवाह ग्राह्य धरला जाई. पुढे एकाने नाकारले, की दुसऱ्याची वाट लागे. हा घोटाळा मिटविण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ठरविले, की पॅरिशचा धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर झालेला विवाहच खरा, आणि त्याची नोंद वहीत झाली पाहिजे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या प्रांतिक परिषदेच्या द्वारे ट्रेंटची ही शिस्त तेथेही आली. अशा रीतीने अंतःकरणातल्या वचनाला दप्तर जोडले गेले.

हे दप्तर पुढे राज्यसत्तेच्या हाती गेले. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात अमलात आला. विवाह हा कुटुंबस्थापनेसाठी केलेला कायमचा करार आहे, अशी त्यात व्याख्या होती. कॅथलिकांनी चर्चमध्ये विवाह करावा, इतरांस नागरी विवाहाची सोय असावी. विभक्त राहण्याची मुभा होती, परंतु घटस्फोट नव्हता.

५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजसत्ता उलथली. नव्या प्रजासत्ताकाने महिना उलटतो न उलटतो तोच, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा केला आणि २५ डिसेंबरला विवाहाचा. या दुसऱ्या कायद्याची भाषा दप्तरी माणसाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. विवाह हा निव्वळ नागरी करार ठरला. आणि तो कायमचा ‘आहे’ असे न म्हणता, कायमचा ‘असल्याचे गृहीत धरले जाईल’, घटस्फोटाच्या हक्कास बाध न येता, असे म्हटले गेले. एका क्रियापदाने साडेतीन शतकांची व्यवस्था बदलली. केवळ चर्चमधल्या विधीला कायद्यात अर्थ उरला नाही. हे कायदे गोव्यालाही लागू झाले, आणि उभयतांच्या संमतीनेही घटस्फोट मिळू लागला. मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीला तो हक्क मिळावयास अजून तीन तपांचा अवकाश होता.

काटा पुन्हा फिरला तो सालाझारच्या राजवटीत. ७ मे १९४० रोजी पोर्तुगालने पोपच्या गादीशी करार केला आणि २२ जानेवारी १९४६ च्या हुकमाने त्यातील विवाहविषयक तरतुदी सागरपार प्रदेशांत नेल्या. चर्चमधील विवाहाला पुन्हा कायद्याचे बळ आले. मात्र या वेळी बंध अभेद्य आहे असे राज्याने म्हटले नाही. चर्चमध्ये विवाह करणाऱ्यांनी त्या कृतीनेच घटस्फोट मागण्याचा हक्क सोडला आहे, असे म्हटले. कागदावर ही निवड होती. पण गावातल्या श्रद्धाळू घरातील मुलीने चर्च टाळून केवळ निबंधकापुढे सही करावी, ही गोष्ट त्या काळी कितीशी शक्य होती?

चर्चचे न्यायालय निष्ठुर होते, असे मात्र नव्हे. तेथे प्रश्न विचारला जातो तो ‘बंध तोडावा काय’ असा नव्हे, ‘बंध मुळात जुळला होता काय’ असा. संमती धाकाने घेतलेली असली, तर विवाह झालाच नव्हता असे ते ठरवू शकते. १७४१ साली पोप चौदावा बेनेडिक्ट याने त्या न्यायालयात एक खास अधिकारी नेमण्याचा नियम केला : पतीचा नव्हे, पत्नीचा नव्हे, तर विवाहबंधाचा वकील! १९४६ च्या हुकमाने अशा निवाड्यांना उच्च न्यायालयाच्या मान्यतेने नागरी परिणाम दिला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या कायद्याने तेथील जुने कायदे चालू ठेवले. तिकडे एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालात क्रांती झाली आणि १५ फेब्रुवारी १९७५ रोजी पोपच्या गादीशी केलेला करार दुरुस्त झाला. चर्चमध्ये विवाह केलेल्यांनाही नागरी घटस्फोट मागता येऊ लागला; तो न मागणे हे त्यांचे गंभीर कर्तव्य आहे, एवढी आठवण चर्चच्या वतीने करारात राहिली. ही दुरुस्ती गोव्यात आली नाही. एकाच वर्षी, एकाच कायद्याखाली, एक विवाह लिस्बनमध्ये आणि एक मडगावात झाला असेल, तर १९७५ नंतर पहिल्या पत्नीपुढे जे दार उघडले, ते त्या दुरुस्तीने दुसरीपुढे उघडले नाही.

आजन्म बंधाच्या कल्पनेत मोठेपणा आहे, हे अमान्य करता येणार नाही. मूल, आजारी पत्नी, म्हातारा पती यांना तिचा आधार असतो. मन पालटले तरी शब्द पालटणार नाही, याची ती हमी असते. परंतु या मताचा पायाच स्वतंत्र संमती हा आहे. शिपायाच्या पहाऱ्यात पाळलेला शब्द आणि दार उघडे असताना पाळलेला शब्द यांची किंमत सारखी नसते. १९७५ च्या करारात कायद्याने ज्याची सक्ती सोडली, ते सदसद्विवेकाच्या स्वाधीन झाले. ‘कायमचा’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकातून निघून, जेथून तो मुळात आला होता त्याच ठिकाणी, वधूवरांच्या मुखी, परत गेला.