आधी सुई

ध्वनिमुद्रिका वाजविण्याच्या यंत्रसंचात सुधारणा करावयाची झाल्यास आरंभ कोठून करावा, हा वाद जुना आहे. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद, आटोपशीर पेटीच्या ध्वनिक्षेपकातून खोल खर्ज उमटविला आणि रसिकांचे लक्ष तिकडे वेधले. १९७३ साली ग्लासगोत ‘लिन’ कंपनी स्थापणाऱ्या आयव्हर टीफेनब्रुन यांनी उलट पक्ष मांडला : तबकडीवरून जे उचललेच गेले नाही, ते पुढील कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, म्हणून टर्नटेबल आधी.

आम्ही त्याही अलीकडे, सुईपाशी थांबतो. ध्वनिक्षेपक सुमार असला तर आजची बैठक फिकी पडेल, इतकेच; झिजलेली सुई मात्र तबकडीची खाच कायमची खरवडते. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे तीन सहस्रांश इंच त्रिज्येचे टोक लागते, तर १९४८ साली आलेल्या लाँगप्लेला एक सहस्रांश इंचाचे. एकीची सुई दुसरीला चालत नाही.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांतील तबकडीवरून अंतराळात गेला. शास्त्रज्ञांनी तिच्यासोबत ध्वनिक्षेपक धाडला नाही, सुई धाडली. घरी जुन्या तबकड्या जपणाऱ्यांनी एवढा बोध घ्यावा, इतकेच आमचे सांगणे.