जळलं की जाळलं?

परवा भाची इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. "मामा, घर 'बर्न डाउन' झालं म्हणजे फक्त खालचा मजला जळला का?" हसू आलं, पण प्रश्न काही वेडा नव्हता. लाकडी घर जळत जळत जमिनीला टेकतं, म्हणून ते 'डाउन'. आपण जळून खाक म्हणतो ना, तेच.

मी मात्र दुसरीकडेच अडकलो. 'लंडन बर्न्ड डाउन' म्हणजे लंडन जळलं आणि 'ही बर्न्ड डाउन लंडन' म्हणजे त्याने लंडन जाळलं. क्रियापद तेच! आपल्याकडे एका कान्याने अपघाताचा गुन्हा होतो.

लंडन खरंच जळलं होतं. 2 सप्टेंबर 1666 ला पहाटे पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली आणि चारेक दिवसांत सुमारे 13,200 घरं, 87 चर्चेस आणि सेंट पॉलचं जुनं कॅथीड्रल गेलं. (आग अडवायला वाटेतली घरं लांब आकड्यांनी ओढून पाडत. म्हणजे तीही 'डाउन'च!) फॅरिनर म्हणाला, भट्टी मी नीट विझवली होती.

झालं. मग कुणीतरी जाळलंच असणार! हॉलंड आणि फ्रान्सशी युद्ध चालू होतं, लोक रस्त्यात परदेशी माणसं गाठून मारत होते. अशात रॉबर्ट ह्यूबर्ट नावाचा एक फ्रेंच तरुण सापडला. घड्याळजीचा मुलगा, डोक्याने जरा अधू असावा. मीच आग लावली, म्हणाला. जबानी सारखी बदलत होती, न्यायाधीशांनाही ती पटेना. तरी त्याच वर्षी त्याला फाशी दिलं. नंतर कळलं, आग लागली तेव्हा तो लंडनमध्ये नव्हताच, दोन दिवसांनी बोटीतून उतरला होता.

एवढ्यावरही भागलं नाही. आगीच्या स्मारकावर 1681 मध्ये कॅथलिकांना दोष देणारा मजकूर कोरला. मध्ये एकदा काढला, परत कोरला, आणि शेवटी 1830 मध्ये पुसला. जळलं की जाळलं, याचा निकाल दगडावर लागायला दीडशे वर्षं!

बेकरीवाल्यांच्या संघाने मात्र 1986 मध्ये लंडनच्या महापौरांची रीतसर माफी मागितली. ह्यूबर्टची कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

भाचीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, पण परीक्षेत काय लिहू?"