ड्यूकोचा टवका

परवा बऱ्याच वर्षांनी भाज्याला मामांकडे गेलो होतो. लेणी बघून खाली आलो, पडवीत चहा घेत बसलो, तर समोर मामांची जुनी सायकल! १९८७ साली जुन्या हायवेवर कार्ला फाट्याजवळ एका गाडीने मामांना मागून उडवलं होतं. गाडी थांबलीच नाही. मामा वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. मागच्या मडगार्डवर त्या गाडीचा रंग अजून चिकटलेला आहे. वर पांढरा, कडेला खालचा निळा डोकावतोय, त्याखाली राखाडी.

"नुसत्या रंगावरून काय कळतं रे?" मामीने विचारलं. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आपले गॅरेजवाले ज्याला ड्यूको म्हणतात, ते मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव, १९२३ सालचं. त्याआधी गाडीचा रंग वाळायलाच कित्येक दिवस जायचे. हा भराभर वाळायचा, त्यामुळे गाडी पुन्हा रंगवणं सोपं झालं. आपल्याकडच्या अँबॅसेडर, पद्मिनी तर किती वेळा रंगवल्या जायच्या!

प्रयोगशाळेत नेमके हेच थर मोजतात. आधी सूक्ष्मदर्शकाखाली टवक्याची कड संशयित गाडीवरच्या खड्ड्यात बसते का ते पाहायचं. ती चपखल बसली तर प्रश्नच मिटला. नाहीतर आडवा छेद घेऊन थरांचा क्रम, रंग आणि जाडी जुळवायची. मग अवरक्त किरणांनी प्रत्येक थरातलं रसायन ओळखायचं, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यातली मूलद्रव्यं. एक थर जरी खरोखर वेगळा निघाला तरी ती गाडी सुटली.

सगळं जुळलं तरी "हीच ती गाडी" असं सहसा म्हणता येत नाही. कारखान्यातून एकाच रंगाच्या हजारो गाड्या निघतात. पण दोन-तीनदा गॅरेज पाहिलेल्या गाडीचा थरांचा क्रम दुसरीकडे सापडणं कठीण. म्हणजे मामांना उडवणारी गाडी जुनी, रंग बदललेली होती, हे त्या निळ्या थरावरून दिसतं. पण जुळवायला दुसरा नमुना लागतो, आणि ती गाडी कधी सापडलीच नाही...

निघताना हे सगळं फोड करून सांगितलं. मामा काहीच बोलले नाहीत. मामी म्हणाली, "एवढी वर्षं सायकल मीच पुसते. तेवढी जागा सोडून."